जावक क्रमांक नसलेली शाबासकी

मामलेदार कचेरीत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना अव्वल कारकुनाची ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु ज्यांचा त्या वास्तूशी संबंध केवळ सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरता आला असेल, त्यांच्या माहितीसाठी निवेदन करतो की, काळी टोपी, कानामागे खोवलेली तांबडी पेन्सिल आणि समोरच्या कागदात चूक असलीच पाहिजे अशी अढळ श्रद्धा, एवढ्या सामग्रीवर आमच्या भाऊसाहेबांनी तीस वर्षे निर्वेध अंमल चालविला.

स्तुती ही सरकारी तिजोरीतील रक्कम असून वरिष्ठांच्या मंजुरीवाचून तिच्यातील एक पैही खर्ची टाकता येत नाही, असे त्यांचे मत होते. कारकुनाला पगार मिळतो तो काम केल्याबद्दल; त्याच कामाबद्दल वर शाबासकीही देणे म्हणजे एकच बाब दोनदा खर्ची टाकणे होय, आणि असल्या दुबार खर्चावर हिशेबतपासनीस आक्षेप घेतल्यावाचून राहणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

महसुली वर्ष ३१ जुलैला सरते. अशाच एका जुलै महिन्यात, बाहेर पाऊस कोसळत असता, तलाठ्यांच्या दप्तरांतील आकारणी, वसुली व थकबाकी यांचा मेळ घालीत मी तीन रात्री कंदिलापाशी जागून काढल्या आणि पैचाही फरक नसलेला गोषवारा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उभा तपासला, आडवा तपासला, आणि काहीच न सापडल्यामुळे खिन्न होऊन, "बेरजेखालची रेघ वाकडी आहे," एवढे बोलून बाजूस सारला. कागद परत आला नाही म्हणजे तो पसंत पडला, हे उमगायला मला दोन वर्षे लागली. माझ्या शेजारचा एक होतकरू कारकून तेवढा थांबला नाही. साहेबांना आपले तोंडही पाहवत नाही अशी खात्री होऊन त्याने बदली मागून घेतली.

एकदा आम्ही मंडळी रायगडास गेलो होतो. गड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना महाराजांनी बक्षीस विचारले, तेव्हा त्यांनी जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर आपले नाव कोरण्याची परवानगी तेवढी मागितली, अशी आख्यायिका आहे. ‘सेवेचे ठायी तत्पर’ ही तेथील अक्षरे वाचून आम्हां सर्वांचा कंठ दाटून आला. भाऊसाहेब चष्मा पुसून म्हणाले, "तत्पर असणे हे तर कामच! त्यात कोरण्यासारखे काय?" मग सभोवार एकवार दृष्टी फिरवून, कोणीतरी ऐकेल या भीतीने की काय, हळूच पुटपुटले, "बाकी ठीक आहे."

यथाकाल ते निवृत्त झाले. त्यांच्या दप्तराचा चार्ज घेताना मला तळाशी एक जुनी वही सापडली. तीत आवक-जावक नोंदवहीप्रमाणे रकाने पाडून प्रत्येक कारकुनाचे चांगले काम तारीखवार टिपलेले होते. माझ्या नावापुढे ‘गोषवारा निर्दोष. तोंडी कळविणे’ असा शेरा होता. आणि बदली मागून गेलेल्या त्या गृहस्थाच्या नावापुढे तर तब्बल अकरा नोंदी होत्या. जावकेचा रकाना मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा! इतका ऐवज तिजोरीत पडून असता एक शहाणा माणूस उपाशी उठून गेला, या विचाराने मला हसू आले आणि वाईटही वाटले.

त्या रात्री मी भाऊसाहेबांना चार पानी कृतज्ञतेचे पत्र लिहिले. आठवड्याने तेच पत्र परत आले. दोन ठिकाणी ऱ्हस्वाचे दीर्घ केले होते, एका वाक्यावर ‘अतिशयोक्ती’ असा शेरा होता, आणि तळाशी तांबड्या पेन्सिलीने लिहिले होते: ‘बाकी ठीक आहे.’

रायगडाला मिळालेला शेरा मला मिळाला होता. आणि तोही लेखी.