यंदा कळ्या नीट पडल्या नाहीत

"ऐकलंस काय गो? खालच्या वाडीत मोदकांवरून रामायण झालं."

माईंची गडग्यापलीकडून हाक आली की हातातलं काम आपोआप थांबतं. लांज्यात पेपर येतो त्याच्या आधी माई येतात.

"कुणाकडे?"

"घर सांगत नाही, तू ओळखशीलच. सुनेने मोदक केले, पण कळ्या म्हणून नाहीत. उकडीचा नुसता गोळा दाबलेला. मुंबईहून नणंद आलेली गणपतीला, ती सगळ्यांदेखत म्हणाली, वहिनी, लाडू केलेत का यंदा? मग सासू कसली सोडते! आषाढात चार दिवस ताप आला नि गेला, तेवढ्यावर ही लावणी अर्धी टाकून घरी बसली. गौरीपुढे फुगडीला ओढली तर डोळ्यांत पाणी."

"माई, तिला चिकनगुनिया झालेला."

"झालेला, पण ताप गेला ना?"

घरोघरी हेच. ताप उतरला की माणूस बरं झालं, दुसऱ्या दिवशी चुलीपुढे हजर. पण हा ताप जातो तो नुसता अंगातून. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना नीट समजावून सांगितलं होतं. विषाणू साधारण आठवड्याभरात रक्तातून जातो, सांध्यांची सूज मात्र मागे राहते. बऱ्याच जणांची काही आठवड्यांत उतरते, काहींची महिनोन् महिने, एखाद्याची वर्षांवर जाते. बायकांना आणि चाळिशी ओलांडलेल्यांना त्रास जास्त. विषाणू मारायचं औषध नाहीच. दुखण्यावर गोळ्या, तीन महिन्यांनीही सूज हटली नाही तर वेगळी औषधं, तीही डॉक्टरांनी तपासूनच द्यायची.

"आमचे हे अजून सकाळी भिंत धरून उठतात," मी म्हटलं. "टाच टेकवत नाही. दात घासायचा ब्रश मुठीत धरता येत नाही, शर्टाची वरची बटणं मी लावते. दहा-अकरा वाजले की बोटं मोकळी होतात. मग नाक्यावर भेटणारे म्हणतात, तुम्ही तर ठणठणीत दिसता!"

"पुरुषाला गो बाई कष्टाची कामं. जपायलाच हवं."

"आणि तिचं काय? विळीवर बसून नारळ खोवायचा, भिजलेली चादर पिळायची, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची. ह्यांचा आजार आणि तिचं नाटक? डास एकाच जातीचा चावला ना दोघांना?"

माई गप्प. मग त्यांनी पदर खोचला आणि गडग्याच्या चिऱ्यावर चक्क बसल्या. म्हणजे आता मोठी गोष्ट येणार.

"आमचे हे बार्शीला नोकरीला होते. १९७३. माझं लग्न होऊन वर्ष नाही झालेलं. गल्लीच्या गल्ली आजारी. माणसं वाकून, काठी टेकत चाललेली. मलाही झाला. ताप गेला, पावसाळा गेला, थंडी सरली, तरी मनगटं सुजलेलीच. ज्वारीची भाकरी थापायला घेतली की कळ थेट कोपरात. सासूबाई म्हणायच्या, कोकणातली पोर, भात खाऊन वाढलेली, भाकरी जमत नाही म्हणून सोंग करते."

"मग?"

"मग काय! थापली भाकरी. रडत थापली."

बार्शीची ती साथ डॉक्टरांच्या पुस्तकांत नोंदलेली आहे. त्यानंतर हा आजार देशातून जणू गायबच झाला. आला तो तीस-बत्तीस वर्षांनी, २००५-०६मध्ये, आणि त्या खेपेला चौदा लाखांच्या आसपास संशयित रुग्ण मोजले गेले. २०२४मध्ये पुण्यात पुन्हा वाढला. एकदा झालेल्याला तो बहुधा पुन्हा होत नाही. आषाढात अख्खी आळी कण्हत होती आणि माई तेवढ्या तुरुतुरु फिरत होत्या, त्याचं गुपित कदाचित बार्शीतच असेल.

"सासूने तिला पुडी आणून दिली म्हणे," माई म्हणाल्या. "कुणी फिरता वैदू देतो. एका दिवसात उतार."

"घेऊ देऊ नका! असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग साखर वाढते, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात."

"मग उंडीचं तेल?"

"चोळा हवं तर, हलक्या हाताने. ह्यांना गरम पाण्याचा शेक बरा पडतो. बोटांचे व्यायाम सांगितलेत, ते करतात. आणि काम तुकड्यातुकड्याने. एक दिवस बरं वाटलं म्हणून ह्यांनी सगळी कलमं बेणून काढली, पुढचे दोन दिवस पलंगावर."

"जाते मी उद्या. तिच्या सासूला बार्शी ऐकवते. तशीही तिला माझी एक वाटी परत द्यायची आहे." मग उठता उठता माईंची नजर माझ्या बाजूला गेली. "आणि काय गो, ही करवंटी पाण्याने भरलेली! त्यातच होतात ना ते दिवसा चावणारे डास?"

"त्यातच. पोफळीच्या विरीत, लाकडांवरच्या प्लास्टिकच्या घडीत, जिथे म्हणून स्वच्छ पाणी साचेल तिथे. पण माई, करवंटी तुमची आहे. तुमच्या माडाचा नारळ, तुम्हीच खोवलेला."

"आहे कुठे पण? गडग्यावर. गडगा सामाईक."

असं म्हणून त्यांनी काठीच्या टोकाने करवंटी उपडी केली. पाणी सगळं माझ्या अळवात.