औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंस अनावृत पत्र

प्रति,
औषधांना न जुमानणारे समस्त जीवाणू,
मुक्काम : दवाखान्यांच्या ओपीडी, मेडिकलचे काउंटर आणि घरोघरचे औषधांचे डबे.

विषय : बाह्यरुग्ण विभागातून मिळत आलेल्या सहकार्याबद्दल आभार, तसेच हे सहकार्य आटण्याच्या शक्यतेबाबत पूर्वसूचना.

महोदय,

प्रतिजैविके, म्हणजे रोजच्या बोलण्यातली अँटिबायोटिक्स, जीवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. विषाणूंवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. सर्दी-पडसे आणि फ्लू हे विषाणूंचे आजार. घसादुखीही बहुतेक वेळा विषाणूंचीच. तरीही ओपीडीत याच तक्रारींसाठी अँटिबायोटिक्स सर्रास लिहून दिली जातात. अमेरिकेसारख्या देशातही बाह्यरुग्णांना लिहून दिलेल्या अँटिबायोटिक्सपैकी किमान ३० टक्के अनावश्यक असल्याचे २०१६ मधील अभ्यासात आढळले. जीवाणूवर्गाच्या भरभराटीचा पाया हाच असल्याने आभारप्रदर्शनाची सुरुवात येथूनच करणे उचित ठरते.

या भरभराटीची पद्धत साधी आहे. माणसाच्या घशात, त्वचेवर आणि आतड्यात अब्जावधी जीवाणू एरवी निरुपद्रवीपणे राहतात. सर्दीसाठी घेतलेली गोळी सर्दीच्या विषाणूला हात लावत नाही. मात्र या वस्तीतले औषधाला बळी पडणारे जीवाणू मारून टाकते. उरतात ते औषधाला पुरून उरणारे. त्यांतल्या कोणाजवळ औषध तोडून टाकणारे विकर असते, कोणी आत शिरलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतो, तर कोणी औषध जिथे चिकटते ती जागाच बदलून टाकतो. मोकळी झालेली जागा आता त्यांची. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. शिवाय ही विद्या केवळ वारसांपुरती राहत नाही; प्लाझमिड नावाच्या जनुकीय वर्तुळांतून ती शेजारच्या, प्रसंगी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देता येते. ‘अंगाला औषधाची सवय झाली’ असे लोक म्हणतात ते चुकीचे आहे. सवय रुग्णाच्या अंगाला होत नाही, बदलते ती जीवाणूंची वस्ती. हा गैरसमज टिकून राहिल्याबद्दलही जीवाणूवर्गाने ऋणी राहावे.

धोक्याची सूचना वेळेवर मिळाली नव्हती असे नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलीनचा शोध लावला आणि १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणून घेतो, तेही अपुरे. जीवाणू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला तयार होतात. त्यांचा संसर्ग पत्नीला होतो, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन चालत नाही आणि ती दगावते. फ्लेमिंग यांचा गृहस्थ काल्पनिक होता. त्याचे अनुयायी मात्र खरे निघाले.

जीवाणूवर्गाचा सर्वांत विश्वासू मित्र म्हणजे घाई. रात्रीचे साडेआठ झालेले असतात, बाकावर अजून चौदा जण ताटकळत असतात. आत आलेल्या माणसाचे नाक गळत असते, अंग मोडून आलेले असते आणि त्याचे एकच सांगणे असते : “डॉक्टर, काहीतरी कडक द्या, उद्या खाडा परवडणार नाही.” रोजंदारीवरच्या माणसाचे हे म्हणणे खोटे नसते. डॉक्टरांचाही हिशेब सरळ असतो : गुण आला नाही तर रुग्ण उद्या पलीकडच्या दवाखान्यात जाईल. आजार विषाणूचा आहे, तो आपोआप उतरेल, हे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. गोळी लिहायला पाच सेकंद. २०१४ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले की दवाखान्याची वेळ जसजशी सरत जाते, तसतसे सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लिहिण्याचे प्रमाण वाढत जाते. डॉक्टर थकतात, जीवाणू थकत नाहीत.

भारतातल्या खासगी क्षेत्रात २०१९ साली सर्वाधिक खपलेली अँटिबायोटिक गोळी होती ५०० मिलिग्रॅमची अझिथ्रोमायसिन. तिच्या पाठोपाठ २०० मिलिग्रॅमची सेफिक्झिम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे तीन गट पाडले : नेहमीच्या संसर्गांवर आधी वापरायची, जपून वापरायची आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायची. वरील दोन्ही गोळ्या दुसऱ्या गटातल्या आहेत. जपून वापरायची औषधे खपात पहिली यावीत, यापेक्षा मोठे सहकार्य अपेक्षिणे जीवाणूवर्गाला शोभणार नाही.

दवाखान्यानंतर मेडिकलचे काउंटर. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये अनुसूची एच-१ अधिसूचित केली. ती मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात २४ अँटिबायोटिक्स आहेत. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि दिलेली संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. २०१६ मध्ये पट्टीवरची लाल रेघ ओळखा, चिठ्ठीशिवाय ही औषधे घेऊ नका, अशी मोहीमही झाली. प्रत्यक्ष काउंटरवर संवाद होतो तो असा : “मागच्या वेळी दिली होती ना, तीच द्या, दोनच द्या.” कात्री चालते, पट्टीतून दोन गोळ्या कापून हातावर पडतात. मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते आणि वहीचे पान कोरे राहते.

तिसरा मुक्काम घरातला औषधांचा डबा. बिस्किटांच्या जुन्या डब्यात क्रोसिन, बाम आणि थर्मामीटर यांच्या जोडीला मागच्या पावसाळ्यातल्या तीन गोळ्या असतात. कशासाठी आणल्या होत्या ते कोणाला आठवत नाही, पण ‘चांगल्या पॉवरच्या’ आहेत हे पक्के आठवते. शेजारणीला त्या प्रेमाने दिल्या जातात. मुलासाठी मोडून अर्धी केली जाते. आजार वेगळा, वजन वेगळे, मात्रा अंदाजाची : फ्लेमिंग यांच्या गृहस्थाचे अनुकरण याहून बिनचूक करता येणार नाही.

क्षयाचा जंतू या सहकार्याचा जुना लाभार्थी आहे. मुंबईतल्या धारावीत शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहून दिल्याचे १९९१ मध्ये नोंदले गेले. दीर्घ खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध परस्पर सुरू केले की क्षयाची लक्षणे काही काळ दबतात, निदान लांबते आणि तेवढ्या काळात घरातल्या इतरांना लागण होऊ शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

या सर्व सहकार्याचे फळ मोठे आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट सुमारे १२.७ लाख माणसे दगावल्याचा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जीवाणूवर्गाचे याबद्दल अभिनंदन करण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही. ती पडू नये यासाठी काही ठिकाणी जे प्रयत्न सुरू आहेत, त्यांची पूर्वसूचना खालीलप्रमाणे देण्यात येत आहे.

एक : अंदाजाऐवजी निदान. घसादुखीसाठी १९८१ पासून चार प्रश्नांची कसोटी उपलब्ध आहे. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरा थर आहे का, गळ्यातल्या पुढच्या गाठी सुजून दुखतात का आणि खोकला नाही ना? पहिल्या तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल आणि खोकला असेल, तर जीवाणूंचा संशय फार कमी उरतो. लघवीच्या संसर्गात, विशेषतः तो वारंवार होत असेल तर, औषधापूर्वी लघवीचे कल्चर करून घेतले की नेमके औषध कळते.

दोन : थांबणे. साध्या छातीच्या सर्दीनंतरचा खोकला तीन आठवडेही रेंगाळतो, हे आधी सांगितले तर तो चौथ्या दिवशी भीतीचा विषय होत नाही. काही देशांत डॉक्टर चिठ्ठी देतात, पण दोन-तीन दिवस वाट पाहून बरे वाटले नाही तरच औषध आणायला सांगतात. बऱ्याच चिठ्ठ्या मग खिशातच राहतात.

तीन : मोजका कोर्स. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत सौम्य तापाला आणि विषाणूजन्य ब्राँकायटिसला अँटिबायोटिक टाळण्यास सांगितले. रुग्णालयाबाहेर होणाऱ्या न्यूमोनियासाठी पाच दिवस पुरेसे धरले. डॉक्टरांनी ठरवलेले दिवस रुग्णाने परस्पर कमी करायचे नाहीत, तसेच वाढवायचेही नाहीत.

चार : कारण लिहिणे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी हे चिठ्ठीवर नमूद करण्याचे आवाहन केले. कारण लिहायला पेन टेकवले की क्षणभर थांबावे लागते, आणि तो क्षण जीवाणूवर्गाच्या हिताचा नसतो. २०१४ मधील लॉस एंजेलिस येथील एका छोट्या प्रयोगात डॉक्टरांनी ‘गरज नसताना अँटिबायोटिक देणार नाही’ असे स्वतःचा फोटो व सही असलेले पोस्टर तपासणीच्या खोलीत लावले. पोस्टर नसलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत अनावश्यक चिठ्ठ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्के बिंदूंनी घटले.

पाच : पत्रव्यवहार. २०१४ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सर्वाधिक अँटिबायोटिक्स लिहिणाऱ्या दवाखान्यांना पत्र पाठवले. ‘आपल्या भागातले ८० टक्के दवाखाने दरडोई आपल्यापेक्षा कमी अँटिबायोटिक्स देतात’ एवढाच त्याचा गाभा. सहा महिन्यांत त्या दवाखान्यांतले प्रमाण ३.३ टक्क्यांनी, म्हणजे ७३ हजारांहून अधिक चिठ्ठ्यांनी घटले. पत्राला कोणी जुमानत नाही, हा समज यामुळे डळमळीत झाला आहे.

सहा : राज्यांची कृती. केरळने २०१८ मध्ये देशातला पहिला राज्य कृती आराखडा केला आणि २०२४ मध्ये विनाचिठ्ठी विक्री करणाऱ्या दुकानांवर तपासणीची मोहीम काढली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सभेत, २०३० पर्यंत माणसांसाठीच्या अँटिबायोटिक्सपैकी ७० टक्के वापर पहिल्या, नेहमीच्या गटातला असावा, असे जागतिक उद्दिष्ट मान्य झाले.

यावरून अँटिबायोटिक्स बंद होणार, असा आनंददायक निष्कर्ष जीवाणूवर्गाने काढू नये. न्यूमोनिया, विषमज्वर, लघवीचा संसर्ग यांत ती प्राण वाचवतात आणि वेळेवर मिळालीच पाहिजेत. मुलाला धाप लागणे, ताप न उतरणे, रुग्ण सुस्त होणे ही थांबण्याची नव्हे, तातडीने दवाखाना गाठण्याची लक्षणे आहेत. गरज असेल तिथे योग्य औषध, योग्य मात्रेत, योग्य दिवस आणि गरज नसेल तिथे एकही गोळी नाही, एवढाच या सर्व उपायांचा अर्थ आहे. तो अमलात आला तर जीवाणूवर्गाला सध्या मिळणारे सहकार्य कमी होत जाईल, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

कळावे.

प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी :
१) रुग्ण व त्यांचे नातेवाईक
२) ओपीडीतील डॉक्टर
३) मेडिकल दुकानदार

टीप : विषाणूंना प्रत पाठविण्यात आलेली नाही. सदर औषधांशी त्यांचा काहीही संबंध नाही.