पोटभाडेकरू लायसन

सुट्टीसाठी फ्लोरिडात उतरलेल्या ब्रिटिश हौशी वैमानिकाला भाड्याचं सेसना उडवायचं असेल, तर अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा, एफएए, त्याला फारसं अडवत नाही. मूळ लायसन खरं असल्याची पत्रापत्री करायची, कचेरीत जातीने हजर व्हायचं, की लेखी परीक्षेवाचून राइट बंधूंचे चेहरे छापलेलं प्लास्टिकचं कार्ड हाती येतं. (त्या दोघांना 1903 साली कुणी लायसन विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) बारामतीत शिकलेल्या वैमानिकालाही ही सवलत आहे. फक्त कार्डावर एक ओळ असते: मूळ लायसन क्रमांक अमुक सोबत असेल तरच वैध. थोडक्यात, हा पोटभाडेकरू. मूळ भाडेकरूचं बिऱ्हाड हललं की यालाही वळकटी बांधावी लागते. आणि ते माणूस जागचा न हलताही हलतं! युरोपीय नियम आले तेव्हा ब्रिटिश लायसनांचे क्रमांक बदलले. ब्रेक्झिटनंतरच्या नव्या लायसनांवर 'यूके'च्या जागी 'जीबीआर' आलं. वैमानिक तोच, त्याचा चष्माही तोच. पण क्रमांक जुळेना म्हणून कार्ड बाद आणि पत्रापत्रीचा श्रीगणेशा पुन्हा.

म्हणून वरचेवर अमेरिकेत उडणाऱ्याने तिथलं स्वतंत्र लायसन काढावं, हे माझं मत. यावर लोक म्हणतात, हक्क तेच मिळणार, मग 60 प्रश्नांची लेखी, वर तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा कशाला? पण हक्क तेच नसतात. मूळ लायसनवरची बंधनं कार्डासोबत अटलांटिक ओलांडून येतात. ब्रिटनमध्ये रात्रीच्या उड्डाणाची परवानगी वेगळी काढावी लागते; ती नसेल तर फ्लोरिडातही दिवेलागणीच्या आत घरी. स्वतंत्र लायसनच्या अभ्यासक्रमातच शिक्षकासोबत रात्रीचे 3 तास आणि पूर्ण थांबून केलेली 10 लँडिंग असतात. जुने तास धरले जातात, त्यामुळे बहुतेकांना असे राहिलेले तुकडेच भरायचे असतात. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: हवा सगळीकडे सारखीच, पंखाला कुठे पासपोर्ट लागतो? पंखाला नाही लागत, पण ब्रिटनमध्ये हेक्टोपास्कलमध्ये ऐकू येणारा हवेचा दाब अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत येतो. रात्री कितीतरी छोट्या विमानतळांवर टॉवरच नसतो आणि धावपट्टी काळीकुट्ट असते; माइकचं बटण 5 सेकंदांत 7 वेळा दाबायचं, की दिवे लख्ख. हे ठाऊक नसलेला माणूस गुरुत्वाकर्षणाचे नियम तोंडपाठ म्हणत अंधारात घिरट्या घालणार.

राहिला दोन-दोन लायसनं सांभाळण्याचा जाच. अमेरिकन लायसनला मुदतच नसते. दर 24 महिन्यांनी शिक्षकापुढे किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत उजळणी द्यायची. आणि ती तर जुन्या कार्डावरही चुकत नव्हती.