आउटिंगचं ठिकाण

ऑफिसच्या आउटिंगचं ठिकाण कसं ठरतं, हे ज्याने जवळून पाहिलंय, त्याला संयुक्त महाराष्ट्र झालाच कसा याचं आश्चर्य वाटत राहतं. पुणेकरांना लोणावळा नको असतं. दर पावसाळ्यात घरच्यांना घेऊन ते तिथल्या ट्रॅफिकमध्ये बसून आलेले असतात. डोंबिवलीकरांना लोणावळ्यापलीकडचं काहीच नको असतं. रात्री घरी परतायचं असतं. अलिबाग म्हटलं की कुणाला मांडव्याची बोट लागते, महाबळेश्वर म्हटलं की कुणाला पसरणीचा घाट. मग एचआरची मुलगी ग्रुपवर मतदान घेते आणि सगळे जण यादीत नसलेल्या गोव्याचा आग्रह धरतात. शेवटी कर्जत ठरतं. कर्जत कुणाचीच पहिली पसंती नसते, पण त्याला कुणाचा विरोधही नसतो. आपल्याकडे बरेच अध्यक्ष असेच निवडून येतात.

तिथलं रिसॉर्ट म्हणजे तरणतलाव, रेन डान्स आणि जेवणात पनीर. त्याआधी हॉलमध्ये टीम बिल्डिंग. त्यातला एक खेळ असा, की डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं. झेलायला नेमका अकाउंट्समधला तो गृहस्थ येतो, ज्याने आपलं पेट्रोलचं बिल ‘पुरावा जोडावा’ असा शेरा मारून परत पाठवलेलं असतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवून पडावं.

माझं म्हणणं असं, की खेळ आपण आखूच नयेत. ते काम त्या जागेवर सोडावं. उदाहरणार्थ, कोलाड. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, त्या धरणाचं पाणी डोंगराच्या या अंगाला भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं. तिथे वीज झाली की ते कुंडलिकेत सुटतं आणि मग राफ्ट चालतात. पाणी सुटतं ते बहुधा सकाळी, वीजगृहाच्या सोयीने. त्यामुळे ‘नऊ ते साडेनऊ डायरेक्टरसाहेबांचं मनोगत’ वगैरे आपोआप रद्द होतं, हा या जागेचा पहिला गुण. दुसरा गुण राफ्टमध्ये बसल्यावर कळतो. गाइड म्हणून बसलेला गावातला पोरगा व्हाइस प्रेसिडेंटना सरळ सांगतो, “काका, फोटो नंतर. वल्हं पाण्यात घाला.” आणि काका घालतात! वर्षभराच्या अप्रेझलमध्ये हे होत नाही.

पाण्याची भीती असेल तर माथेरान. दस्तुरी नाक्यावर सगळ्यांच्याच गाड्या थांबतात, साहेबांचीसुद्धा. पुढे तीच लाल माती सगळ्यांच्या बुटांना लागते.

पण खरी मजा हुरड्याची. थंडीत नगरकडच्या एखाद्या शेतावर जावं. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, भोवती सतरंज्या, कुणीतरी भाजलेलं कणीस तळहातावर चोळतंय, बाकीचे हात पुढे करून बसलेत. लसणाची चटणी, गूळ, दही. हात काळे होतात म्हणून फोनला कुणी शिवत नाही, आणि वाटणी इतकी मूठमूठ असते की पुढचा घास कुणाला, यावर आपोआप बोलणं सुरू होतं. हॉलमधला माइकवाला तासभर ओरडूनही हे घडवू शकत नाही. अडचण एकच. हुरडा डिसेंबर-जानेवारीत थोडे दिवस असतो आणि कंपनीला आउटिंगचं बजेट आठवतं मार्चमध्ये, ते संपवायची वेळ आली की. तोवर दाणे टणक होऊन त्यांची भाकरीची ज्वारी झालेली असते. मग पुन्हा कर्जत.

तेव्हा एचआरच्या मंडळींना विनंती एवढीच, की कुठेही न्या, पण कामाच्या दिवशी न्या. रविवार आमचा आमच्याकडे राहू द्या. आणि ते कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट मागवाल तेव्हा एक्स्ट्रा लार्ज जास्त मागवा. मीडियम कुणालाच होत नाही.