खर्च खोलीत धरायचा नाही

घरात सुतार येणं म्हणजे छकुलीच्या बाबांना कुळाला बट्टा लागल्यासारखं वाटतं. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी यांच्याबद्दलही त्यांचं मत फारसं वेगळं नाही. पण सुतारावर विशेष राग, कारण तो मजुरी सांगताना सरळ डोळ्यांत बघतो.

डोंबिवलीत दर विंगमध्ये असा एक बाप हमखास सापडतो. कुठल्यातरी कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी, सकाळची ठरलेली फास्ट लोकल, रविवारी कानावर पेन्सिल आणि तोंडी कायम एकच वाक्य, "होऊन जाईल की घरच्या घरी!"

छकुली कॉटमध्ये गुमान झोपत होती तोवर या वाक्यापासून कुणाला त्रास नव्हता. दोन वर्षांची झाल्यावर मात्र एका सकाळी तिने कठड्यावर पाय टाकला आणि पलीकडे उडी घेतली. उभ्या मुलाच्या छातीखाली कठडा आला की ते कॉटमध्ये राहत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्याच रात्री छकुलीच्या आईने मोबाईलवर मोटारीच्या आकाराचा पलंग दाखवला. किंमत २८,००० रुपये.

"दोन वर्षांच्या बाईला मोटार कशाला?" बाबा म्हणाले. "तिचा बाप अजून स्कूटरवर फिरतोय."

आणि वहीत नवं पान उघडलं गेलं : 'छकुलीची खोली, बजेट ५,००० फक्त'. त्यातला 'फक्त' फार महत्त्वाचा. छकुलीच्या बाबांचं बजेट आजवर कधी कोलमडलेलं नाही. खर्च वाढलाच, तर तो त्या खात्यातला नव्हताच, असं ते सिद्ध करतात.

२०२०च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया उघडलं आणि या जातीच्या बापांची मोठी सोय झाली. बाबा तिथे टेप घेऊन गेले. मुलांच्या प्रत्येक पलंगाखाली वाकले, फळ्यांची रुंदी तळहातावर लिहून घेतली, सांधे कसे बसवलेत ते फोटोत टिपलं. मदतीला आलेल्या मुलाला "नाही, बघतोय" म्हणून वाटेला लावलं. सगळे जण पोटभर खाऊन रिकाम्या हाताने परतले. पेट्रोल गेलं 'सहल' या खात्यात आणि खाणं 'किरकोळ'मध्ये.

तळहातावर उतरलेली योजना वाईट मात्र नव्हती. आहे त्याच कॉटचा एका बाजूचा कठडा काढायचा, गादीखालची फळी सगळ्यात खालच्या भोकांवर बसवायची, की झाला छोटा दिवाण. बऱ्याच कॉटमध्ये तशी सोय असतेच. लागते ती फक्त सोबत आलेली षटकोनी चावी, आणि ती बाबांनी जपून ठेवली होती. जपून ठेवलेली वस्तू शोधायची म्हणून अख्खा माळा खाली उतरला. चावी काही मिळाली नाही. मिळाला तो रंगाचा अर्धा डबा.

"वास्तुशांतीच्या वेळचा, २००९चा! कंपनीचा माल आहे," बाबा हरखले. "भिंतीचं काम फुकटात."

छकुलीची आई शाळेत विज्ञान शिकवते. "अहो, घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली नोव्हेंबर २०१७पासून," ती म्हणाली. "हा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. आणि तुमची लेक भिंती चाटते."

बाबांनी डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला. शिसं वाजलं नाही. तरी डबा परत माळ्यावर गेला. टाकून द्यायला तो काही नासला नव्हता.

नवा पिवळा रंग आला तो एकच लिटर. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पट्टा मारायचा, वरची भिंत आहे तशीच ठेवायची. "मुलांचा हात पोचतो तिथवरच भिंत खराब होते," हे त्यांचं शास्त्र. खरं सांगायचं तर पट्टा दिसतो झकास, आणि ओल्या फडक्याने पुसताही येतो. फक्त खिडकीकडे जाताना तो दोन बोटं वर चढतो. "पट्टा सरळच आहे, बिल्डरने जमीन उतरती केलीय," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

खेळण्यांसाठी कपाट हवं होतं. त्यावर तोड निघाली आंब्याच्या लाकडी पेट्यांची. पॉलिश पेपरने घासल्या, खिळ्यांची टोकं ठोकून बसवली, एकीवर एक रचल्या की कपाट तयार. पण फळवाला रिकामी पेटी देईना, म्हणून भरलेल्या चार घेतल्या. मे महिनाभर त्या घरात पोळीबरोबर आमरस, भाताबरोबर आमरस आणि शेवटी नुसताच आमरस चालला होता. हा खर्च अर्थातच खोलीत धरायचा नाही. आंबे तर कुणीही खातं. आता 'रत्नागिरी हापूस' असं ठसठशीत लिहिलेल्या पेटीत छकुलीची अस्वलं राहतात आणि तिच्या मोज्यांना पाडाचा वास येतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नेटकं काम झालं ते आजींचं. त्यांनी दोन जुन्या सुती साड्या काढल्या, एका दुपारी मशीनवर पडदे शिवले, उरलेल्या काठांची उशीची खोळ केली आणि चहा टाकला. वहीत या कामाची नोंद नाही, कारण कुठल्या खात्यात घालावं ते बाबांना सुचलं नाही.

राहता राहिलं पेट्यांचं कपाट. मूल फडताळाची शिडी करतं, तेव्हा ते भिंतीला पक्कं करायलाच हवं. एल-पट्ट्या आल्या ४० रुपयांच्या आणि त्या बसवायला ड्रिल मशीन आलं ३,४०० रुपयांचं. पहिलं भोक कॉलममध्ये पाडायला घेतलं. बिट लाल झाला, सिमेंटची चिमूटभर पूड पडली, आणि दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही हा नियम सांगायला सेक्रेटरी वर आले. जाताना तेच दाखवून गेले, "अहो, ते सोडा, विटांची भिंत या बाजूला आहे."

खोली झाली. हिशेब सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर झाला : एकूण ४,८७० रुपये. दिवाणात सध्या पंधरा बाहुल्या झोपतात आणि छकुली खाली आजींच्या गादीवर, त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून. "आम्ही सात जण एका खोलीत वाढलो," आजी म्हणतात, "आणि हिला दोन वर्षांची असताना एकटी निजवताय होय?"

ड्रिलचं काय, असं कुणीतरी खवचटपणे विचारलंच. बाबा शांतपणे म्हणाले, "तो भांडवली खर्च. भोकांवर विभागायचा." तिथून आमच्या विंगवर संक्रांत आली. दर रविवारी ते मशीन घेऊन निघतात. कुणाकडे घड्याळ लागतं, कुणाकडे देवांची तसबीर. मजुरी घेत नाहीत, फक्त वहीत एक रेघ ओढतात. दर भोकामागचा खर्च ८५ रुपयांवर आलाय, आणि दिवाळीपर्यंत तो ५०च्या आत आणायचा त्यांचा निर्धार आहे.

परवा आमच्याकडेही पाडून गेले एक, बैठकीच्या खोलीत. त्याला काय टांगायचं, याचा आमचा विचार चालू आहे.