चिकटला!

पाहुण्याच्या घरी पाणी पिण्याआधी पेला उलटा करून छाप वाचणारी माणसं तुम्हाला ठाऊक आहेतच. आमच्या मढचा दादूस त्यांचा बाप. त्याच्या खिशात दोरीला बांधलेलं लोहचुंबक असतं.

जेट्टीच्या वाटेवर, बोंबील वाळवायच्या वलांडीमागे त्याचा गाड्यांच्या जुन्या चाकांचा ढीग आहे. चाक आलं की चुंबक टेकवायचं. टक्! "चिकटला!" म्हणजे लोखंड, डावीकडे. नाही चिकटला तर अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियम, उजवीकडे. मग टॉमी घालून टायर सोडवायचा, पितळी व्हॉल्व्ह उपटायचा, काठावरची शिशाची वजनं पकडीने काढायची. "शिसं भट्टीत गेलं तर अख्खा रस नासतो, मास्तर." टायर होड्यांच्या कुशीला टांगायला जातात, बाकी माल टेम्पोने, मार्वे-मालाडचा वळसा घेत, कुर्ल्याला.

इथवर ठीक. पण मी जुनी गाडी घेतली आणि अलॉयची चाकं सगळ्यांना कौतुकाने दाखवत होतो, तेव्हा हा वाकला. टक्! "चिकटला! वर प्लास्टिकची झाकणं आहेत." पुतणीच्या लग्नात आहेराची स्टीलची भांडी मांडली होती. टक्! "चिकटला! हलकं स्टील." व्याह्यांचं तोंड पाहवेना. शूटिंगवाल्यांच्या बंगल्याबाहेरच्या तोफेला चुंबक लागेना, तेव्हा स्वारी हरखली. उचलली तर थर्मोकोल. तेवढा एक दिवस मढमध्ये शांतता होती.

त्याचा सिद्धांत एकच : चिकटतो तो माल स्वस्त, चिकटत नाही तो महाग.

परवा त्याच्या घरी गेलो. भिंतीला टेकून एक चाक, घासूनपुसून तेल लावलेलं. त्याच्या पद्मिनी टॅक्सीचं. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत ती टॅक्सी धावत नाही; याची तर त्याच्याही कितीतरी आधी मोडीत निघाली होती. चार चाकं त्याने स्वतःच तोडून विकली, स्टेपनी तेवढी राहिली.

"हे कुर्ल्याला का नाही धाडलंस?"

"लोखंड आहे. किती येणार?"

विषय बदलावा म्हणून मुलाची चौकशी केली. तो दुबईला असतो, तीन वर्षांत आलेला नाही.

दादूसने चुंबक खिशातून काढलं, हातात फिरवलं.

"नाही चिकटला," म्हणाला. "महाग माल."

आणि चुंबक स्टेपनीला लावून चहा टाकायला उठला.