शिकवणार कोण, ते आधी विचारा

पदवीचे निकाल लागले, की घराघरांत पुढच्या शिक्षणाचा विषय निघतो आणि दहा मिनिटांत संपतो. बी.कॉम. झालं? एमबीए कर. बी.एस्सी.? त्याच विषयात एम.एस्सी. बी.ए. झालेल्याला तर सांगतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू ठेव आणि जोडीला एम.ए.ला नाव घालून ठेव. हे ‘नाव घालून ठेवणं’ मला फार खटकतं. विशीतली दोन वर्षं आहेत ती! नुसतं नाव घालण्यात ती घालवायला सांगणारे वडीलधारे चुकतात, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला हवं.

कॉलेजच्या चौकशीला गेलेलं कुटुंब फी विचारतं, हॉस्टेल बघतं, प्लेसमेंटचा आकडा लिहून घेतं. कर्ज काढून फी भरणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं. पण एक प्रश्न राहून जातो: शिकवणार कोण? पदवीपर्यंत तो विचारला नाही तरी निभावतं. क्लास असतो, गाईड असतं, जुन्या प्रश्नपत्रिका असतात. पदव्युत्तर वर्गात संशोधन प्रकल्प येतो आणि तो बघायला एक माणूस असतो. तो वाचणारा, खोडून काढणारा, पुन्हा लिहायला लावणारा असेल, तर मुलगी दोन वर्षांत स्वतःचं म्हणणं मांडायला शिकते. तसा नसेल, तर बी.ए.ला नोट्स उतरवल्या तशाच एम.ए.लाही उतरवते.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आपल्याकडे ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण तिथे ते काय आणि कुणाकडे शिकले, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. अर्थशास्त्राला सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्याच विषयाच्या वर्गात जातीवर बोलतो आणि तो वर्ग ऐकतो! पुढे १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी ड्युईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केला, त्यांचं ऋण मानलं. वीस वर्षांनंतरही पुरणारं शिक्षण ते हे.

आज अर्थशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांना समाजशास्त्र विभागात जाऊन बसता येतं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषयांमधल्या भिंती कागदावर पाडल्या. वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी लावले, की त्या पुन्हा उभ्या राहतात. प्रवेशाआधी हे वेळापत्रक मागून बघा.

मूळ दुखणं शिक्षकांच्या जागांचं आहे. राज्यातल्या विद्यापीठांत आणि वरिष्ठ महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तिथे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले तरुण शिकवतात. त्यांच्यातले कित्येक जीव ओतून शिकवतात. पण पैसे तासावर, सुट्टीत पगार नाही आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नाही. अशा माणसाने दोन वर्षांचा प्रकल्प अंगावर घ्यावा कसा? दोष त्याचा नाही. जागा न भरणाऱ्या सरकारचा आणि त्यावर गप्प बसणाऱ्या संस्थांचा आहे. ज्या विभागात पूर्णवेळ शिक्षक एकही नाही, त्या विभागाने पदव्युत्तर प्रवेश देऊच नयेत.

माहिती मिळते, फक्त ती शोधावी लागते. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेला ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ जाहीर करावं लागतं, त्यात शिक्षकांची यादी असते. एनआयआरएफ क्रमवारीत उतरणाऱ्या संस्था नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यक देतात. म्हणजे निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. जाहिरातीत झळकणारं ‘सर्वोच्च पॅकेज’ एकाच विद्यार्थ्याचं असतं. तुमच्या मुलाच्या वाट्याला काय येईल, याचा अंदाज मध्यकावरून लागतो. तोही नोकरी लागलेल्यांपुरताच असतो, म्हणून एकूण किती जणांना नोकरी लागली तेही तिथेच बघा. आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्या विभागाचे पीएच.डी.चे प्रबंध असतील, तर दोन-तीन चाळा. मार्गदर्शक किती मनापासून वाचतात, ते प्रबंधाच्या पानापानावर दिसतं.

प्रवेशाच्या वेळी ‘मूळ प्रमाणपत्रं जमा करा, नाहीतर जागा जाईल’ असं कुणी म्हणालं, तर घाबरू नका. पडताळणी झाली की मूळ कागद परत द्यायचे, ते ठेवून घ्यायचे नाहीत, हे यूजीसीने २०१८ मध्येच संस्थांना बजावलं आहे. विद्यार्थी टिकवायला ज्या संस्थेला कागद अडकवून ठेवावे लागतात, तिचा स्वतःच्या शिकवण्यावर भरवसा नाही.

एवढं करूनही शंका उरली, तर सरळ विभागात जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. गेल्या आठवड्यात किती तास झाले, तुमचा प्रकल्प कुणी वाचला, प्रयोगशाळा उघडी असते का, ग्रंथालय किती वाजता बंद होतं, हे त्यांना विचारा. मुलं खरं सांगतात. मग विभागप्रमुखांना भेटा आणि माझा प्रकल्प कोण बघणार, असं स्पष्ट विचारा. नाव मिळालं नाही, तर तिथे फी भरू नका.